व्यसनमुक्ती ट्रस्टच्या विश्वस्त मंडळावर विद्यार्थी म्हणून उभी राहतेय, सल्ला द्या

हळदपेठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या सदरात पडला असेल तर संपादकांनी उचलून नीट ठेवावा.

मी एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षाला आहे, राहणार सांगलीच. आपल्या जिल्ह्यात व्यसनमुक्तीचं काम करणारा एक ट्रस्ट आहे (नाव देत नाही, कृपया ओळखलं तरी लिहू नका), तिथं मी फील्डवर्कला होते आणि ते संपल्यावरही जात राहिले. आता त्यांनी ठरवलंय की विश्वस्त मंडळावर एक जागा पंचवीसच्या आतल्या विद्यार्थ्यासाठी ठेवायची. सर्वसाधारण सभेत सभासद मतदान करणार, त्याआधी उमेदवारानं एक पानाचं निवेदन द्यायचं आणि सभेत पाच मिनिटं बोलायचं. माझ्यासमोर एकच मुलगा आहे. चांगला आहे तो, रॅली, पथनाट्य, शपथ, सेल्फी पॉइंट सगळं मनापासून करतो, आणि मंडळातल्या दोघातिघांचा त्याच्या डोक्यावर हात आहे असं कानावर आलंय.

माझं म्हणणं जरा वेगळं आहे आणि तिथंच गाडी अडते. कॉलेजात आम्ही काहीजण मिळून एक गट चालवतो, म्हणणं एवढंच की नशा करणाऱ्या पोराला आधी दवाखाना दिसला पाहिजे. मागं ओळखीतल्या एका हॉस्टेलवर (कुठलं ते सोडा) एक पोरगा झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र घेऊन आडवा पडला, ओठ निळसर, घशातून घरघर, आणि खोलीतली पोरं अर्धी रात्र त्याच्या तोंडावर पाणी मारत बसली. 108 ला फोन केला नाही कुणी. का तर रेक्टरला कळणार, मग पोलीस, मग घरी, आणि हॉस्टेलच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की नशा करताना सापडल्यास तात्काळ काढून टाकण्यात येईल. पहाटे एकाचा मामा रिक्षा घेऊन आला म्हणून पोरगा वाचला. हा नियम बदला असं आम्ही लिहून दिलं तर आम्हालाच विचारलं, तुम्ही गांजावाल्यांच्या बाजूचे का?

तर मला विचारायचंय की निवेदनात काय लिहू आणि काय गिळू. शिवाय ट्रस्टी व्हायच्या आधी काय काय बघून घ्यायचं असतं, पुढं नोकरीला, पासपोर्टला याचा काही त्रास होतो का, हे पण सांगा. घरी आईचं चाललंय की एवढं शिकून हेच मिळालं का, उद्या पाहुणे विचारतील मुलगी काय करते, तर सांगायचं काय.

तासगावचा_बेदाणा
मी आपला विकास सोसायटीची इलेक्शन समजून धावत आलो, पॅनल कुठलं, चिन्ह कुठलं विचारायला. हाहा.

सिरियसली सांगतो ताई, निवेदन नंतर, आधी सभासदांची यादी काढ. मतं किती, त्यातली येणारी किती, बाहेरगावची किती. आपल्याकडं कॉलेजच्या थेट निवडणुका 1994 च्या विद्यापीठ कायद्यापासून बंद, 2016 च्या कायद्यात परत आणल्या म्हणे पण झाल्या कुठं, त्यामुळं आपल्या पिढीला मत मागायला लाजच वाटते. प्रत्येकाच्या घरी जा. चहा घे, नाही म्हणू नको. आणि त्या पोराबद्दल वाकडा शब्द काढू नको कुठं, सांगली केवढीशी, संध्याकाळपर्यंत पोचतंय.

विश्रामबाग_काका
मुली, राग मानू नकोस, तुझ्या वडलांच्या वयाचा आहे म्हणून बोलतो. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमधून एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरचा, साठा उचलला. लगेच पुढच्या महिन्यात मुंबई क्राइम ब्रँचनं कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत कारखानाच धरला, शंभर किलोच्या वर माल. जानेवारी 2025 ला विट्याजवळ कार्वेच्या एमआयडीसीत आणखी एक. द्राक्षाचा आणि हळदीचा जिल्हा हा, इथं पोरांच्या नाकात पावडर घालायचे कारखाने निघाले आणि तुमचा गट म्हणतो पोलीस नकोत? अशा वेळी कडक राहायचं का मऊ? मी तर म्हणतो एकेकाला चौकात उभं करा.

हळदपेठ
काका, राग नाही. पण मी कारखानेवाल्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही हो. मी त्या खोलीतल्या पोरांबद्दल बोलतेय.

कोर्टाच्या_पायरीवर
वकिली करतो, एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, केसेस चालवतो, म्हणून थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

काका ज्याच्यावर चिडलेत आणि ताई ज्याच्याबद्दल बोलतायत ती दोन माणसं कायद्यातही वेगळीच आहेत. 1985 चा कायदा, त्यात 2001 ला दुरुस्ती होऊन मालाच्या वजनाप्रमाणे शिक्षा आली. एमडी दोन ग्रॅमपर्यंत असेल तर अल्प मात्रा, पन्नास ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक. गांजाला तेच एक किलो आणि वीस किलो. व्यावसायिकला दहा ते वीस वर्षं, एक ते दोन लाख दंड, आणि कलम 37 मुळं जामीन मिळता मिळत नाही. इरळीवाल्यांना हे सगळं लागतं आणि ते कुणी काढा म्हणत नाहीये, ताईही नाही.

नुसतं सेवन केलं तर कलम 27. त्यात कोकेन, मॉर्फिन, हेरॉइन वगैरे असेल तर जास्तीत जास्त एक वर्ष किंवा वीस हजार दंड, किंवा दोन्ही. बाकीच्यांना सहा महिने किंवा दहा हजार, किंवा दोन्ही. आता महत्त्वाचं सांगतो. याच कायद्यात 64अ म्हणून कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा ज्या व्यसनी माणसावर लागलाय तो आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार पुरा करायचा. मधेच पळाला तर ते संरक्षण काढून घेता येतं. कोर्टातल्या कट्ट्यावर बसलेल्या पोरांच्या बापांना विचारा, शंभरातल्या एकालाही हे कलम ऐकून माहीत नसतं. आमच्या वकील बंधूंपैकी कितीजण पहिल्या तारखेला ते सांगतात हेही विचारा.

पासपोर्ट, नोकरी याची काळजी नको. ट्रस्टी असणं हा गुन्हा नाही आणि कायदा बदला म्हणणं तर मुळीच नाही.

मिरजेची_आई
मी फारसं लिहीत नाही इथं पण हे वाचून राहवलं नाही. माझा मोठा मुलगा जिमला जायला लागला, आम्हाला बरं वाटलं, मोबाइल सुटला म्हणून, मग कधीतरी त्याची जीन्स धुवायला टाकताना चोरखिशात इंजेक्शनच्या सुईची प्लॅस्टिकची टोपणं सापडली, पिवळी पांढरी, मी विचारलं तर म्हणाला बी ट्वेल्व घेतो सगळी पोरं घेतात, आणि मला आपलं खरं वाटलं, मग प्रोटीनचा मोठा डबा असतो ना तो कपाटावरून काढला तर आत पावडर नव्हतीच, रिकाम्या बाटल्या होत्या बारक्या, बीपी वाढवायच्या इंजेक्शनच्या, ऑपरेशनमध्ये भूल दिल्यावर बीपी पडलं तर देतात ते, मेफेंटरमाइन, मेडिकलवाल्या एका ओळखीच्या माणसानं नाव वाचून सांगितलं आणि म्हणाला वहिनी हे चिठ्ठीशिवाय मिळतच नाही, मग याला कुठनं मिळालं.

मला दवाखान्यात न्यायचं होतं. पण शेजारच्या एका शहाण्या माणसानं सांगितलं की नेऊ नका, नोंद होते, पोलीस येतात, पोराचं करिअर संपलं समजा. आम्ही घरीच ठेवला. खोलीला बाहेरनं कडी लावून. तो आतनं दार वाजवायचा आणि ह्यांनी टीव्हीचा आवाज मोठा करायचा. आता ठीक आहे तो, शेवटी एका केंद्रात नेलाच, पण मधले ते दिवस मी कुणाला सांगू शकत नाही.

वकील साहेबांनी लिहिलेलं ते 64अ मी आज पहिल्यांदा वाचतेय. दवाखान्यात एवढ्या पाट्या असतात, थुंकू नका, चपला बाहेर काढा, ही एक पाटी कुठं बघितली नाही. बेटा तू उभी राहा. आणि निवडून आलीस तर ही पाटी लाव.

कोर्टाच्या_पायरीवर
ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. एक जाता जाता सांगतो, नुसत्या उपचाराला नेलं म्हणून कुणावर गुन्हा दाखल करायला डॉक्टर पोलीस बोलावत नाहीत. 64अ ची गरज गुन्हा लागलेल्याला असते. तुमच्या शेजाऱ्यानं अर्धवट ऐकलेलं पुढं ढकललं.

भावड्या_४२०
गांजा लीगल करा विषय संपवा. नैसर्गिक आहे. महादेवाचा प्रसाद. 1893 ला इंग्रजांनी कमिशन बसवलं होतं, हजाराच्या वर साक्षी घेतल्या आणि लिहिलं की माफक पिणाऱ्याला काही होत नाही, बंदी घालू नका. 1985 पर्यंत देशात सरकारी परवान्याची दुकानं होती कितीतरी ठिकाणी. तिकडं पोर्तुगालमध्ये सगळं लीगल आहे. ताई हेच लिही निवेदनात, पोरं डोक्यावर घेतील तुला.

हळदपेठ
भावड्या, पोरं डोक्यावर घेतील पण सभासदांचं सरासरी वय साठ आहे आणि मत त्यांना आहे.

नाही पण खरं सांगते, मी हे मुद्दाम लिहिणार नाहीये, मतांसाठी नव्हे. गांजा कायदेशीर व्हावा का यावर माझं स्वतःचं मत अजून पक्कं नाही. आणि ट्रस्टच्या ओपीडीत जी येतात ती निम्म्याच्या वर दारूची असतात, मग इंजेक्शन, गोळ्या. एम्सनं 2019 ला देशाचा सर्व्हे दिला त्यातही तेच, दारू पिणारे 14.6 टक्के, म्हणजे सोळा कोटी, आणि भांग गांजा मिळून 2.8 टक्के. त्यातली भांग तर कायद्यात मोडतच नाही. गांजावर भांडत बसले तर माझी पाच मिनिटं त्यातच जातील.

कोर्टाच्या_पायरीवर
शिवाय पोर्तुगालमध्ये लीगल नाही भावा. 2001 पासून तिथं स्वतःपुरतं, म्हणजे दहा दिवसांना पुरेल एवढं जवळ असलं तर फौजदारी खटला नाही, तीन जणांच्या एका समितीपुढं जावं लागतं, ती उपचाराला पाठवते किंवा दंड करते किंवा सोडून देते. माल तरीही जप्तच. विकणारा आजही आत जातो.

भावड्या_४२०
ठीकाय वकील साहेब. पण कमिशनचं खरंय.

कोर्टाच्या_पायरीवर
ते खरंय.

न्यूजर्सीतला_मिरजकर
रात्रीचे दोन वाजलेत इथं पण हे लिहूनच झोपतो. ताई तू जे करतेस त्याला इकडं पंचवीस वर्षांच्या वरचा इतिहास आहे. 'स्टुडंट्स फॉर सेन्सिबल ड्रग पॉलिसी' म्हणून विद्यार्थ्यांची संघटना 1998 ला निघाली. त्याच साली इकडच्या उच्च शिक्षण कायद्यात एक कलम घुसवलं होतं, ड्रग्जची शिक्षा झालेल्या विद्यार्थ्याची सरकारी शिक्षण मदत बंद. बाळगल्याचा पहिला गुन्हा असेल तर एक वर्ष, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला बेमुदत. म्हणजे खुनाची शिक्षा भोगून आलेला माणूस मदतीला अर्ज करू शकत होता पण खिशात गांजा सापडलेला नाही! बरं यात मार कुणाला बसायचा, तर ज्याला मदतीशिवाय शिकताच येत नाही त्याला. डॉक्टरच्या पोराला काय फरक पडणार होता.

ह्या पोरांनी तेच एक कलम धरून ठेवलं. 2006 ला निम्मं ढिलं झालं, मदत घेत असताना गुन्हा झाला असेल तरच बंद, असं. पूर्ण गेलं ते डिसेंबर 2020 च्या कायद्यानं. बावीस वर्षं. सुरुवातीची पोरं तोवर चाळिशीला आली. त्यांच्या बोर्डावर विद्यार्थी असतात आणि ते शाखांमधून निवडून जातात, वरनं नेमलेले नसतात, हे तुझ्या कामाचं आहे.

आणि दुसरं, तुझ्या हॉस्टेलच्या गोष्टीला तर इकडं कायदाच आहे. ओव्हरडोस झालेल्यासाठी रुग्णवाहिका बोलावली तर बोलावणाऱ्यावर आणि जो पडलाय त्याच्यावर बाळगल्याचा, सेवनाचा गुन्हा लावायचा नाही. पहिल्यांदा न्यू मेक्सिको राज्यात, 2007. आमच्या न्यूजर्सीत 2013. कॉलेजांच्या पातळीवर असा नियम करून घ्यायचं कामही या विद्यार्थ्यांनी पुष्कळ केलंय. तुझ्या निवेदनाचा पहिला मुद्दा हाच ठेव.

कोर्टाच्या_पायरीवर
हे भारी सांगितलंत. आपल्याकडं रस्ता अपघाताला हे आहे, मोटार वाहन कायद्यात 2019 ला 134अ घातलं, जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलिसांनी अडकवायचं नाही, नावही त्यानं द्यायलाच पाहिजे असं नाही. नशेनं पडलेल्यासाठी मात्र असं काही नाही. कायदा दिल्लीत बदलायचा, ते ट्रस्टच्या हातात नाही. पण हॉस्टेलचा नियम कॉलेजच्या हातात असतो. जिल्ह्यातल्या कॉलेजांना एक नमुना नियम लिहून द्यायचा, 'मदत मागणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी मागितली त्याच्यावर शिस्तभंग नाही, समुपदेशन सक्तीचं', एवढंच. मी मसुदा करून देतो, फुकट.

सगळे_चोर
या एनजीओवाल्यांना बाहेरनं पैसा येतो, पोरं बिघडवायचा अजेंडा आहे, ही मुलगी पण… [पुढचा मजकूर काढला आहे. व्यक्तिगत शेरेबाजी चालणार नाही. संपादक]

पीटीआर_नंबर
वरच्या महाशयांचं सोडा पण पैशाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. दोन ट्रस्टवर कारभार बघितलाय, एकातनं राजीनामा देऊन बाहेर पडलो, म्हणून माझं जरा तिखट लागेल.

'विद्यार्थी प्रतिनिधी' हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. पहिला प्रश्न, मताचा अधिकार आहे का नुसतं 'निमंत्रित'? निमंत्रित असशील तर फोटोत असशील, ठरावात नसशील. लेखी घे. दुसरं म्हणजे ट्रस्टच्या घटनेत अशी जागा आहे का? नसेल तर आधी घटनादुरुस्ती लागेल, नाहीतर उद्या कुणी हरकत घेतली की तुझी निवड गेली. निवड झाल्यावर धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद, जातो, ट्रस्टच्या कायद्यातल्या कलम 22 खाली, नव्वद दिवसांत. तो दाखल झाला का, त्याला नंबर पडला का, स्वतः जाऊन बघ. 'झालंय हो सगळं' यावर विश्वास ठेवू नको. माझ्या वेळी एका ठिकाणी तीन वर्षं झालंयच चालू होतं.

गेल्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट माग. देणार नाहीत, तरी माग. इतिवृत्ताचं पुस्तक बघ, सह्या सलग आहेत का एका पेनानं एकाच दिवशी मारल्यात ते लगेच कळतं. परदेशी देणगीचा परवाना असेल तर 2020 पासून पदाधिकाऱ्यांचं आधार द्यावं लागतं, ते मागितलं म्हणून दचकू नको. आणि कोऱ्या ठरावावर सही करायची नाही. मग तो कितीही मोठा माणूस असो, कितीही गोड बोलो, आणि 'तू आमच्या मुलीसारखी' असं म्हणाला तर तेव्हा तर अजिबातच नाही.

हळदपेठ
बापरे. मताचं मी विचारलंच नव्हतं, गृहीत धरलं होतं. आज सचिवांना फोन केला. म्हणाले "बघू की, आधी निवडून तर या." म्हणजे काय समजायचं?

पीटीआर_नंबर
म्हणजे ठरलेलं नाही. आता ईमेल कर, फोनवर नाही. सभेच्या नोटिशीतच आलं पाहिजे ते.

रात्रपाळी
मी नर्स आहे. आधी कामाचं सांगते. झोपेच्या गोळ्या आणि दारू, घरघर, ओठ निळे, म्हणजे श्वास कमी पडतोय. तोंडावर पाणी मारू नका, मीठ पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर झोपवा, तोंड मोकळं ठेवा, 108. काय घेतलं त्याची स्ट्रिप बरोबर आणा, आम्हाला त्याच्यावर खूप कळतं. नॅलोक्सोन म्हणून इंजेक्शन आहे ते हेरॉइन, मॉर्फिनसारख्या अफूच्या जातीच्या औषधांवरच चालतं. झोपेच्या गोळ्यांवर, एमडीवर ते चालत नाही. हे निवेदनात लिहिणार असशील तर नीट लिही, कुणीतरी डॉक्टर सभेत असेल आणि तिथंच पकडेल.

दुसरं असं की 'ज्यांचा प्रश्न त्यांनी बोर्डावर बसायचं' ही गोष्ट सांगलीला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही हो. संग्राम संस्थेचं काम 1992 ला इथंच, देहविक्री करणाऱ्या बायकांच्या वस्तीत, गोकुळनगरात सुरू झालं. एचआयव्हीचे दिवस, सगळे त्या बायकांना दोष देत होते, तेव्हा मीना शेषू आणि त्यांच्या लोकांनी निरोध वाटायचं, समजावून सांगायचं काम त्या वस्तीतल्या बायकांच्याच हातात दिलं, आणि पुढं 1996 ला त्या बायकांची स्वतःची व्हँप उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. जगभरनं लोक बघायला येतात ते. तुमच्या ट्रस्टवर विद्यार्थी घेतायत, आनंद आहे. पण नशेतनं बाहेर आलेला एकतरी माणूस त्या मंडळावर आहे का? मला शंका आहे. ताई, तू निवडून आलीस तर तुझी पुढची मागणी ती असू दे. एखादा बरा झालेला मुलगा आज सभासद तरी आहे का बघ.

हळदपेठ
नाही. एकही नाही. मी यादी बघितली बेदाणा म्हणाला म्हणून. डॉक्टर, निवृत्त मास्तर, व्यापारी, दोन वकील, एक माजी नगरसेवक.

तासगावचा_बेदाणा
बघ, बेदाण्याचं ऐकलंस की फायदा होतोय.

हळदपेठ
मसुदा टाकतेय, झोडपा.

"मी आपल्या केंद्रात येणाऱ्या कुटुंबांबरोबर काम केलं आहे. बहुतेक जण उशिरा येतात, आणि उशिराचं कारण विचारलं की भीती सांगतात. ही भीती कमी करणं आपल्या हातात आहे. मी तीन गोष्टींसाठी मत मागते. केंद्राच्या दारात आणि आपण जिथं शिबिरं घेतो तिथं कलम 64अ सोप्या मराठीत लिहिलेला फलक. जिल्ह्यातल्या वसतिगृहांना मदत मागणाऱ्यावर कारवाई न करण्याचा नमुना नियम. आणि पुढच्या सभेपर्यंत व्यसनातून बाहेर आलेल्या व्यक्तींना सभासदत्व खुलं करून, त्यातून एक जागा. अमली पदार्थ बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांवरच्या कारवाईला माझा पूर्ण पाठिंबा आहे. माझ्या जागेला मताचा अधिकार असावा असं मी सचिवांना लेखी कळवलं आहे."

पीटीआर_नंबर
तिसरी मागणी सभेच्या आधी लेखी देऊ नको. जुने सभासद म्हणतील ही अजून आली नाही आणि आमच्या खुर्च्या मोजायला लागली. निवडून ये, मग मांड.

रात्रपाळी
मला नाही पटत. लपवून आत जायचं आणि मग बॉम्ब टाकायचा? तीच तर खरी मागणी आहे.

पीटीआर_नंबर
तुम्ही निवडणूक लढवलीय का कधी?

रात्रपाळी
नाही, पण चाळीस बेडचा वॉर्ड चालवते.

हळदपेठ
ठेवतेय मी ती. पडले तर पडले. त्या पोरालाही विचारलं मी, रॅलीवाल्याला, तिसऱ्या मुद्द्यावर तुझं काय. म्हणाला चांगलाय, मी पण बोलेन. म्हणजे कोणी का येईना, मुद्दा सभेत येणार.

न्यूजर्सीतला_मिरजकर
मसुदा छान. फक्त पहिलं वाक्य काढ, सरळ "बहुतेक कुटुंबं उशिरा येतात" इथून सुरू कर. पाच मिनिटं म्हणजे घसा खाकरेपर्यंत जातात.

विश्रामबाग_काका
सगळं वाचलं. मिरजेच्या ताईंचं दोनदा वाचलं.

आता सांगतो, आधी सांगितलं नाही कारण कुणाला दबाव वाटू नये. मी त्या ट्रस्टचा सभासद आहे, म्हणजे मला जो वाटतोय तोच ट्रस्ट असेल तर, आणि निवृत्त मास्तर, दोन वकील, माजी नगरसेवक म्हटल्यावर दुसरा असायचं कारण नाही. मत कुणाला देणार ते इथं लिहिणार नाही. रॅलीवाला मुलगा माझ्या मित्राचा नातू आहे हेही सांगून टाकतो.

पण मी सभेत उठून प्रश्न विचारणार, तेव्हा तयारी करून ये. वापरणाऱ्याला सोडायचं आणि विकणाऱ्याला धरायचं म्हणता, ठीक. पण कॉलेजात विकतो कोण? वापरणाराच विकतो ना, स्वतःचा खर्च काढायला? दोन पुड्या स्वतःला, दोन मित्राला. त्याचं काय करणार? तुमचा हॉस्टेलचा नियम त्याला लागू का नाही?

कोर्टाच्या_पायरीवर
काका, हा प्रश्न आम्हाला कोर्टातही अवघड जातो. 64अ अल्प मात्रेपर्यंत त्यालाही लागतं, वजन आणि व्यसनी असणं बघतात. पण विकल्याचा पुरावा आणि वजन वर गेलं की विषय वेगळा.

हळदपेठ
काका, आधी थोडी घाबरले वाचून, मग बरं वाटलं.

माझं उत्तर असं. ज्या रात्री कुणीतरी आडवा पडलाय आणि फोन करायचाय, त्या रात्री नियम सगळ्यांना सारखा, दोन पुड्यावाल्यालाही. कारण खोलीत बहुतेक वेळा तोच असतो आणि काय दिलं होतं ते त्यालाच माहीत असतं. दुसऱ्या दिवशी तो परत विकताना सापडला तर नियम त्याला वाचवत नाही, कॉलेजनं आणि पोलिसांनी काय करायचं ते करावं. संरक्षण फक्त त्या फोनपुरतं. हे पुरेसं आहे असं मी म्हणत नाही, पण याहून कमी केलं तर तो फोन होणारच नाही.

विश्रामबाग_काका
हे निवेदनात नाही तुझ्या. 'त्या फोनपुरतं' हे घाल. आणि मताच्या अधिकाराचं म्हणशील तर मीही सचिवांना पत्र टाकलंय आज, जागा काढायची तर मतासकट काढा, नाहीतर काढू नका. नोटीस परत निघेल असं दिसतंय, म्हणजे सभा पुढं जाईल.

पीटीआर_नंबर
पुढं जाऊ दे. नवी नोटीस हातात आली की घटनेतलं नोटिशीच्या मुदतीचं कलम आणि तारीख जुळवून बघ ताई, आणि पाकीट फेकू नको, पोस्टाचा शिक्का लागतो.

मिरजेची_आई
ह्या ट्रस्टचं सभासद व्हायला फी किती आहे कुणाला माहीत आहे का? माझ्यासाठी नाही, मुलासाठी विचारतेय. त्याला हा धागा वाचायला दिला होता.

हळदपेठ
काकू, फॉर्म आहे माझ्याकडं, संदेश पाठवते. दोन सभासदांची सूचक अनुमोदक म्हणून सही लागते, माझी एक चालेल. दुसरी…

विश्रामबाग_काका
फॉर्म आणून द्या. वाचून बघतो.